आईच्या नावावरचं अंतर

आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता: ती पुन्हा चालणार की नाही. ऑपरेशन झालं, सळई टाकली, टाके निघाले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "देखिए, हड्डी का काम हमने कर दिया. अब चलना इनको है. इस उमर में बिस्तर पकड़ लिया, तो फिर उठना मुश्किल." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे निघून गेले. त्यांचं काय जातं बोलायला! 

घरात आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही. काहून केलं नाही ते विचारू नका, विचारणारे सगळे दमून गप्प बसले. बाबा रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा रायपूरच्या कडेला बीरगांवकडे जागा परवडली म्हणून इथं घर बांधलं. शेजारच्या उरला भागातल्या कारखान्यांची काळी धूळ फुकटात मिळते, दिवसातून दोनदा पुसा. मी शहरात विम्याच्या कचेरीत आहे. सकाळी निघायचं, दिवेलागणीला परत यायचं. मधला सगळा दिवस घरात ही दोघंच. एक पंच्याहत्तरीची, पलंगावर. दुसरे ऐंशीला टेकलेले, त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या जिवाला घोर लागणार नाही तर काय होणार?

हॉस्पिटलमधून घरी दोन वस्तू आल्या. पुढच्या पायांना चाकं असलेला वॉकर, आणि भाड्यानं आणलेली व्हीलचेअर. वॉकर चालायला. खुर्ची फक्त अडल्यानडल्याला, संडासापर्यंत न्यायला. पण आईला पहिल्याच दिवशी खुर्ची आवडली. बाबा ढकलायचे, ती बसायची. व्हरांड्यात ऊन खायला खुर्ची, टीव्हीसमोर खुर्ची, देवघरासमोर खुर्ची. मी म्हटलं, "आई, ही खुर्ची तुला गिळून टाकेल बरं." तर बाबा मलाच म्हणाले, "अगं पोट्टे, दमानं घे. आत्ताच तं आली दवाखान्यातून."

दमानं घ्यायचं माझ्या रक्तातच नाही.

व्यायाम घ्यायला एक फिजिओ यायची, एक दिवसाआड. वयानं माझ्या भाचीएवढी, पण आम्ही तिला दीदी म्हणायचो. रायपुरात नर्सपासून भाजीवालीपर्यंत सगळ्या दीदीच. आली की पहिला प्रश्न, "आज कितना चलीं अम्मा?" आई सांगायची, "बहुत चली." बाबा बाजूनं दुजोरा द्यायचे, "बहुतच चालली. मी पाहून राहिलो होतो ना." दीदी विचारायची, "बहुत मतलब कितना?" मग दोघं एकमेकांकडे बघायचे. एकाला विचारावं तर दुसरा उत्तर देणार, आणि दोघांचं उत्तर एकच. पन्नास वर्षांच्या संसारात असल्या साक्षी द्यायला ही दोघं पक्की तयार झालेली.

शेवटी दीदीच वैतागून मला म्हणाली, "ऐसे नहीं चलेगा दीदी. नापना पड़ेगा. चेकअप तक रोज के दो सौ मीटर होने चाहिए, और व्हीलचेयर कम होती जानी चाहिए. नहीं तो सर को मैं क्या बताऊँगी?"

मोजणार कोण? मी कचेरीत. मग मला सायकलचं मीटर आठवलं. ते हँडलला लावतात ना छोटंसं, चाक फिरलं की अंतर दाखवणारं. गोल बाजारात डाळी-मसाला घ्यायला गेले होते, तिथून तशीच एका सायकलवाल्याकडे गेले आणि दोन मीटरं मागितली. "कोनसी साइकिल में लगाना है?" म्हणाला. म्हटलं, एक वॉकरला, एक व्हीलचेअरला. तो हसला, "रेस करवाओगे क्या दीदी अम्मा से?" मी असं बघितलं त्याच्याकडे की हसू गिळून घरी आला आणि निमूट काम करून गेला. चाकाला चुंबक चिकटवलं, दांड्याला तार बांधली, टेपनं चाकाचा घेर मोजून मशीनमध्ये भरला. आईनं विचारलं, "हे बॉम्ब तं नाई ना?"

हिशेब सोपा होता. वॉकरचा आकडा चढला पाहिजे, खुर्चीचा उतरला पाहिजे. मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की खांद्याची पर्ससुद्धा न काढता आधी खाली वाकून दोन्ही आकडे वाचायचे. मग बटण दाबून दोन्ही शून्य करायचे, उद्यासाठी. आईचा चेहरा त्यानंतर बघायचे.

पहिल्या आठवड्यात वॉकर पलंगापासून दारापर्यंत जाऊन यायचा, बस. खुर्ची मात्र गावभर हिंडल्यासारखी. मी ओरडायचे. "आई, तुला उठायचंच नाही का? सांगून टाक एकदाचं, म्हणजे मी पण आशा सोडते!" ती तोंड फिरवायची. बाबा मध्ये पडायचे आणि त्यांनाही एक बसायची. मग स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळताना मीच रडायचे. आई कायमची पडून राहिली तर? पाठीला जखमा झाल्या तर? छातीत कफ झाला तर? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते काही खोटं नाही.

आणि मग अचानक आकडा चढायला लागला.

आधी थोडा, मग बराच. एका संध्याकाळी तर दोनशेच्या पार. मी पर्स टाकली आणि आईच्या गळ्यातच पडले. "अगं बाई! आई! तू चाललीस!" ती नुसती हसली, अर्धं हसणं. बाबांची छाती मात्र फुगलेली. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत पेढे वाटले. साहेबांनी विचारलं, किस बात के? म्हटलं, मेरी माँ चलने लगी. दीदी तर आकडा बघून टाळ्याच वाजवायला लागली, "वाह अम्मा! सर को बोलती हूँ." आई म्हणाली, "हव," आणि डोळे मिटून घेतले.

माझा आनंद टिकला असेल एखादा आठवडा. मला आनंद पचतच नाही, असं आई म्हणते.

एक तर खुर्चीचा आकडा खाली येईना. बाई एवढी चालते, तर मग खुर्ची कोण फिरवतं? दुसरं म्हणजे माझ्यासमोर चाल म्हटलं की दारापर्यंत जाऊन ती वॉकर धरून उभी राहायची. हात थरथरायचे, ओठ पांढरे. "दिवसा झालं माझं," म्हणायची. बाबा लगेच, "दिवसभराची थकली आहे ते. आता काहून तरास देतं तिले?"

आणि तिसरं, त्यानं माझी झोपच उडाली. रविवारी मी तिच्या पायाला तेल लावत होते. मोडलेल्या बाजूची मांडी दुसरीपेक्षा बारीक होती. आधीही होतीच, पण आता माझ्या दोन पंज्यांत मावली. रोज एवढं चालणाऱ्या माणसाची मांडी भरायला पाहिजे की झडायला? मी तेलाचे हात तसेच घेऊन बसून राहिले. आत काही बिघडलं असेल का? सळई सरकली? नस दबली? की आणखी काही, ज्याचं नावही घ्यायची मला हिंमत होत नव्हती? फोनवर वाचू नये ते सगळं वाचलं. दीदीला विचारलं तर ती पण गोंधळली. "चल तो रही हैं ना... सर से पूछ लेना चेकअप में."

तेव्हापासून मी कचेरीतून दर तासाला घरी फोन करायचे. बाबा उचलायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे, सगळं ठीक आहे, तू काम कर." त्यांना धाप लागलेली असायची. मला वाटायचं, थंडीचा दमा वाढला. म्हणजे आता बाबांचीही काळजी. एकीला सावरता सावरता दुसऱ्याला काही झालं तर मी एकटी काय काय धरणार होते?

चेकअपच्या आदल्या दिवशी दुपारी मी फोन केला, उचलला नाही. परत केला, नाही. जेवत असतील. पुन्हा केला, नाही. मग मी उठलेच. साहेबांना धड सांगितलंही नाही, "घर जाना पड़ेगा," म्हटलं आणि ऑटोत बसले. त्या दिवशी नेमकी ट्रकांची रांग, लोखंड लादलेले ट्रक, हलतील तर शपथ. मी ऑटोवाल्याला म्हणत होते, "भैया, निकालो ना कहीं से." तो म्हणाला, "उड़ा के ले जाऊँ क्या?" माझ्या डोळ्यासमोर आई फरशीवर पडलेली, बाबा तिच्याजवळ पडलेले, आणि दोघांजवळ वाजत असलेला माझाच फोन. देवा रे, एवढ्या वेळी काही होऊ देऊ नको, पुन्हा कोणावर ओरडणार नाही, असं मी कबूलही करून टाकलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेले.

हॉलच्या मधोमध व्हीलचेअर होती. तिच्यात आई बसली होती, मांडीवर परडी, मटार सोलत होती. आणि तिच्याभोवती बाबा फिरत होते. कानाला मफलर, पाय अनवाणी, हातात आईचा वॉकर. डोळे अर्धे मिटलेले, ओठांत देवाचं नाव चाललेलं. तिला उजव्या हाताला ठेवून गोल, नीट, सावकाश. वॉकरची चाकं कुईकुई वाजत होती. आई मटारातून मान वर न करता म्हणाली, "हळू जा जी, चटई आहे तिथं."

मला आधी वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. खरंच वाटलं.

"बाबा! काय करून राहिले तुम्ही?"

ते थांबले. दचकले, पण लाजले नाहीत, हे मला अजून आठवतं. म्हणाले, "फेरे घालून राहिलो."

"कसले फेरे?"

"हिचे. सकाळी तिच्यानं जेवढे झाले तेवढे तिनं घातले. उरलेले मी पूर्ण करतो."

 आता हे कुठून आलं ते सांगायला पाहिजे. सोमवती अमावास्येला आमच्या इथल्या मराठी बायका तळ्याकाठच्या पिंपळाला एकशे आठ फेऱ्या घालतात. आईचे गुडघे दुखायला लागले तशी ती थोड्या घालून पारावर बसायची आणि बाकीच्या बाबा घालायचे, तिच्या नावानं. संकल्प तिचा, पाय त्यांचे. पोथीचं पारायण मध्येच आजारपणानं अडलं तरी असंच, घरातला दुसरा कोणी बसून पूर्ण करतो. आमच्यात यात कोणालाही काही खोटं वाटत नाही. हाती घेतलेलं अर्धं ठेवायचं नसतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. बाबांनी दोनशे मीटर ऐकले आणि त्यांच्या डोक्यात तो संकल्प झाला.

"आणि हिला मध्ये कायले बसवलं?"

"मंग? मधात ती नको? नाई तं कोणाच्या नावाचे समजणार?"

माझा ताबा सुटला. ऑटोत केलेली कबुलीबिबुली सगळी विसरले. "पुण्य लागते बाबा तसं! मांडीले नाई लागत! तिची मांडी पाहिली का तुम्ही? काडी झाली काडी! आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, तसं हे तिचं तिनंच चालायचं असतं! मी पेढे वाटले लोकांना! डॉक्टर उद्या काय म्हणतील? फोन कुठे आहे तुमचा?"

"फोन आत. चार्जिंगले," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "तू विचारलं असतं तं सांगतलं असतं मी. लपवलं थोडी. तू आली का मशीनच पाहतं." वॉकर त्यांनी भिंतीशी नेऊन ठेवला, अगदी हळू. "मले वाटलं, तेवढाच तिचा भार कमी."

ऐंशीचा माणूस, मोतीबिंदू झालेला, धापा टाकत रोज दुपारी. मला ओरडणं पुढे रेटता येईना आणि थांबवताही येईना.

"त्यायले बोलू नको," आई म्हणाली. परडी तिनं खाली ठेवली होती. "मीच गप बसली. दुखत नाई मले तेवढं. भेव लागते. पाय उचलला का ते न्हाणीतली फरशीच दिसते समोर. वाटते आता गेली, आता गेली. ते फिरत राहायचे तं मले बरं वाटे, आजचं झालं म्हणून."

"मग सांगायचं ना मला!"

"तुले? तू तं दारातूनच आकडा विचारतं."

मी तिच्या खुर्चीशी खाली बसले. "मला पण भीती वाटते आई," म्हटलं. "दिवसभर वाटते. दुसरं काही वाटतच नाही मला." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला मटाराचा वास होता. बाबा तिथंच उभे राहिले, आपण आता काय करायचं ते न कळून.

दुसऱ्या दिवशी व्हॅन करून हॉस्पिटलला गेलो, वॉकर आणि खुर्ची दोन्ही घेऊन. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, दीदीनं कळवलेले आकडे बघितले आणि खूश झाले. "अरे वा! माताजी ने तो कमाल कर दिया. छड़ी पर ले आते हैं अब, सीढ़ी भी शुरू कीजिए."

काठी! जिना!  आई माझ्याकडे बघत होती, बाबा छताकडे.

"सर," मी म्हटलं, "आधे से ज़्यादा मेरे पिताजी चले हैं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. त्यांना हसावं की चिडावं कळेना, मग चिडले. "ये मज़ाक की बात नहीं है. हड्डी जुड़ रही है, मगर पैर में जान कहाँ है? मुझे अपने सामने चलाकर दिखाइए. बाहर, उस बेंच तक. नहीं गईं तो मैं झूठी उम्मीद नहीं दूँगा, फिर चेयर ही समझिए."

बाहेर लांब कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना पेशंट बसलेले. टोकाला पाण्याच्या मशीनजवळ एक बाक, त्यावर एक बाई पिशवी घेऊन बसलेली. घरातल्या दारापेक्षा कितीतरी लांब. आम्ही आईला खुर्चीतून उठवलं, वॉकर हातात दिला. डॉक्टर दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. मी आणि बाबा भिंतीशी, बाबांना मी बाकड्यावर बसवलं. मदत करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

ती निघाली. वॉकर पुढे, एक पाय, दुसरा पाय. वॉकर पुढे.  फरशी चकाचक पुसलेली, नेमकी चकाचक. निम्म्यावर गेली असेल आणि थांबली. खांदे हलायला लागले. थरथर मला इथून दिसत होती. तिनं मान वळवून मागे बघितलं. माझ्याकडे नाही, बाबांकडे.

आणि बाबा उठले. जसं काही घरातच आहेत, तसे उठले आणि चालायला लागले. मी त्यांचा सदरा मागून धरला. "बाबा, बसा."

"अगं, थोडंच तं राहिलं..."

"बाबा!"

"सोड ना. तिच्यानं होत नाई, पाहून नाई राहिली का तू?" आवाज फुटला त्यांचा. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. डॉक्टरही पुढे आले. माझा हात सुटत चालला होता. सोडू की नको, मला खरंच कळेना. सोडलं असतं तर ती पडली नसती, पण पुन्हा कधी उठलीही नसती.

तेव्हा आई बोलली. इतके दिवस जी पुटपुटत बोलायची, ती त्या भरल्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"बसा जी तुम्ही. हे माझे आहेत."

बाबा बसले. तिनं तोंड फिरवलं, वॉकर पुढे सरकवला आणि पाय टाकला. मग दुसरा. मध्ये दोनदा थांबली, मागे बघितलं नाही. बाकावरच्या बाईनं पिशवी उचलली आणि सरकून तिला जागा करून दिली.